पूर्वावृत्ती आणि प्रकाशित संहिता : 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममधील पाठभेदांचा विचार

प्रास्ताविक

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेदाचा प्रश्न नवीन नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांत शिरलेल्या अशुद्धांमुळेच; आणि काम पुरे झाल्यावर यापुढे कोणी त्या ग्रंथात आपली ओवी घालू नये असे बजावूनही ठेवले. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध होत गेली. म्हणजे पूर्ण होण्याआधीच ती वाचली जात होती. चंदगडहून तिलारीचा घाट उतरला की दशावताराचा मुलूख लागतो. तेथे तर छापील संहितेचा आधारच नसतो. कथानक ठरलेले, संवाद मात्र पात्रांनी उभ्या जागी रचायचे. सिद्ध होत असलेली कलाकृती रसिकापुढे ठेवणे आणि त्याच्या प्रतिसादाने ती घडत जाणे हा व्यवहार आपल्या परंपरेला परका नाही, हे सांगण्यापुरतीच ही उदाहरणे येथे पुरेत.

हाच व्यवहार एकविसाव्या शतकात व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात 'अर्ली अ‍ॅक्सेस' या नावाने रूढ झाला. अपुरा खेळ विकत द्यायचा, खेळणाऱ्यांच्या तक्रारी, सूचना आणि त्यांच्या खेळण्याची आकडेवारी गोळा करायची आणि त्या आधारे खेळ पूर्ण करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. या पद्धतीचे अर्थकारण पुष्कळ चर्चिले गेले आहे. कथनात्मक कलाकृतीच्या आशयावर तिचा काय परिणाम होतो, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार बेल्जियममधील गेंट येथील लॅरियन स्टुडिओज या संस्थेच्या 'बाल्डर्स गेट ३' या भूमिकाप्रधान खेळाच्या आधारे केला आहे.

हा खेळ ६ ऑक्टोबर २०२० रोजी अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, तोही पूर्ण किमतीला, विक्रीस आला. तेव्हा त्याच्या तीन अंकांपैकी फक्त पहिला अंक उपलब्ध होता. पूर्ण खेळ संगणकासाठी ३ ऑगस्ट २०२३ रोजी प्रकाशित झाला. मधली जवळजवळ दोन वर्षे दहा महिने ही संहिता लोकांसमोर बदलत होती. सुरुवातीला खेळाडूला सहा प्रकारच्या भूमिका घेता येत. प्रकाशनाच्या वेळी त्या बारा झाल्या. पात्राच्या प्रगतीची मर्यादा आरंभी चौथ्या पायरीपर्यंत होती, ती अखेर बाराव्या पायरीपर्यंत गेली. ही वाढ अपेक्षितच होती आणि समीक्षेच्या दृष्टीने तिच्यात फारसे काही नाही. वाढीपेक्षा बदल महत्त्वाचे आहेत.

काळ आणि निवेदन

पहिला महत्त्वाचा बदल अर्ली अ‍ॅक्सेसच्याही आधीचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळाचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा खेळाडूपुढे येणारे संवादाचे पर्याय भूतकाळात लिहिलेले होते. ते प्रत्यक्ष बोलणे नव्हते, बोलण्याचा वृत्तांत होता. या खेळाचा मूळ आधार असलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये सिद्ध केला. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या या खेळात एकजण कथा सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या कृती सांगतात आणि फासा पडेल त्याप्रमाणे कथा पुढे सरकते. त्या सांगण्याचा आभास भूतकाळातून निर्माण करण्याचा निर्मात्यांचा विचार असावा. प्रेक्षकांना तो रुचला नाही आणि काही महिन्यांतच पर्याय थेट उच्चारलेल्या वाक्यांच्या स्वरूपात आले.

हा बदल योग्यच होता. भूतकाळातील निवेदनात एक गृहीत दडलेले असते : सांगणारा वाचला आहे. कीर्तनकार पूर्वरंगानंतर आख्यान लावतो तेव्हा श्रोत्याला शेवट ठाऊक असतो आणि रस त्या ठाऊक असण्यातूनच निर्माण होतो. ज्या खेळात पुढचा क्षण वीस बाजूंच्या फाशावर अवलंबून आहे, तेथे मात्र घडून गेल्याचा सूर फाशाला निरर्थक करतो. येथे प्रेक्षकाचा आक्षेप व्याकरणाविषयी दिसत असला तरी त्याचा रोख खेळाच्या गाभ्याकडे होता.

नियमांतील बदलही बहुतांशी असेच होते. पूर्वावृत्तीत उंचावरून वार करणाऱ्याला दोन फासे टाकून त्यांतील मोठा निवडण्याची सवलत होती. परिणामी प्रत्येक लढाई कोण आधी छपरावर चढतो एवढ्यावर येऊन ठेपे. पारगड आणि कलानिधीगड ज्या तालुक्यात आहेत तेथील वाचकाला उंचीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पण गड चढला म्हणजे लढाई संपली, असे तेथेही कधी नव्हते. प्रकाशित खेळात ही सवलत फाशाच्या आकड्यात दोनची भर एवढ्यावर आणली गेली. साध्या अग्निमंत्राने जमीन पेटण्याचा प्रकारही काढून टाकण्यात आला. हे बदल घडवून आणणाऱ्या खेळाडूंचे ऋण मान्य केले पाहिजे.

'स्वप्नात कोण येते?'

खरा पेच पुढे आहे. खेळाची मूळ कल्पना अशी : नायकाच्या मेंदूत एक अळी सोडलेली आहे. ती कालांतराने त्याचे रूपांतर 'माइंड फ्लेअर' नावाच्या, इतरांच्या मेंदूवर जगणाऱ्या प्राण्यात करणार आहे. दरम्यान ती त्याला दुसऱ्याच्या मनावर हुकमत चालवण्याची शक्ती देते. ही शक्ती वापरावी की वापरू नये, हा कथेचा नैतिक कणा आहे.

पूर्वावृत्तीत खेळाडू आपले पात्र घडवून झाल्यावर त्याला एक प्रश्न विचारला जाई : तुझ्या स्वप्नात कोण येते? उत्तरादाखल त्याने आणखी एक चेहरा घडवायचा. हा चेहरा त्याच्या अभिलाषेचा. पुढे कथेत त्याने अळीची शक्ती वापरली तरच ही व्यक्ती रात्री स्वप्नात येई, जवळीक साधे आणि सत्तेचे आमिष दाखवी. खेळाडूंमध्ये ती 'डेझी' या नावाने ओळखली गेली. जो शक्तीला शिवला नाही त्याला ती दिसतच नसे. या रचनेतील नेमकेपणा लक्षात घेण्याजोगा आहे. मोहाचे रूप बाहेरून आलेले नव्हते. ते खेळाडूने आपल्या हातांनी, आपल्या आवडीनुसार, केसांच्या रंगापर्यंत ठरवून तयार केलेले होते. समुद्रमंथनाच्या कथेत असुर मोहिनीला भुलतात, पण मोहिनीचे रूप विष्णूने घेतलेले असते. येथे भुलणाऱ्यानेच मोहिनी घडवली होती.

प्रकाशित खेळात तीच पडद्यावरची जागा राहिली, चेहरा घडवण्याची तीच सोय राहिली. प्रश्न मात्र गेला. आता खेळाडूने आपला 'गार्डियन', म्हणजे रक्षक, घडवायचा असतो. हा रक्षक शक्ती वापरो वा न वापरो, स्वप्नात येतोच. तो नायकाला रूपांतरापासून वाचवतो आणि अळ्यांची शक्ती स्वीकारण्याचा सल्ला देतो. दुसरा अंक संपताना उघड होते की तो स्वतःच एक माइंड फ्लेअर असून 'एम्परर' हे त्याचे नाव आहे.

ही कलाटणी परिणामकारक आहे, हे नाकारता येणार नाही. वाचवणाऱ्यावर विश्वास ठेवावा काय, हा नवा प्रश्नही तोलामोलाचा आहे. एम्पररचे पात्र पहिल्या आवृत्तीतील धूसर स्वप्नाकृतीपेक्षा अधिक ठसठशीत आहे, असेही कोणी म्हणेल आणि ते चूक ठरणार नाही. तथापि या बदलात कथेचे केंद्र सरकले. पूर्वावृत्तीत खेळाडूचा सामना स्वतःच्या इच्छेशी होता; प्रकाशित संहितेत तो दुसऱ्याच्या हेतूशी आहे. पूर्वी 'मला काय हवे आहे' असे विचारावे लागे, आता 'याला काय हवे आहे' असे विचारले की भागते. शिवाय स्वप्न आणि शक्तीचा वापर यांतील कार्यकारणसंबंध तुटल्यामुळे शक्तीची किंमतच उरली नाही. प्रकाशित खेळात खेळाडू अळीमागून अळी स्वीकारू शकतो आणि कथा त्याला त्याचा फारसा जाब विचारत नाही. संयम पाळणाऱ्याच्या पदरातही वेगळे काही पडत नाही. ज्याला कथेचा कणा म्हटले, तो येथे बराच मऊ झाला आहे.

हा बदल खेळाडूंच्या मागणीवरून झाला की लेखकांच्या स्वतंत्र विचारातून, हा मुद्दा येथे गौण आहे. बोरिस्लाव्ह स्लाव्होव्ह यांचे 'डाउन बाय द रिव्हर' हे गीत पूर्वावृत्तीत पात्र घडवण्याच्या वेळी ऐकू येई. प्रकाशित खेळातही ते कायम आहे आणि त्याची धून सर्वत्र विखुरलेली आहे. त्यातील आर्जवी स्वर रक्षकाचा वाटत नाही. घर पाडून नवे बांधताना जुनी चौकट तशीच ठेवावी, तसे हे गीत मागे राहिले आहे.

सहप्रवाशांचे स्वभाव

पूर्वावृत्तीत अ‍ॅस्टेरियन, गेल, लाएझेल, शॅडोहार्ट आणि विल असे पाच सहप्रवासी होते. स्वार्थी वा संशयी वृत्तीची पात्रे आधी तपासून पाहायची, सौम्य पात्रे मागाहून आणायची, असे संस्थेने त्या वेळीच सांगितले होते. तरीही ही मंडळी तुसडी आहेत अशी तक्रार मोठ्या प्रमाणावर झाली. पुढील काळात शॅडोहार्टच्या बोलण्याची धार कमी केली गेली. तिच्या बाबतीत ते खपून गेले, कारण तिच्या कथेला तीन अंकांचा अवकाश मिळाला.

विलच्या वाट्याला वेगळे प्राक्तन आले. पूर्वावृत्तीतील विल हा लोकांत वीर म्हणून मिरवणारा, पण आत सूडाने धुमसणारा तरुण होता. वीराची कीर्ती आणि मनातील क्रौर्य यांतील अंतर हेच त्याच्या पात्राचे रहस्य होते. प्रकाशनापूर्वी त्याची कथा जवळजवळ नव्याने लिहिण्यात आली, आवाज देणारा नटही बदलला. लान्रे मलाओलू यांच्या जागी थिओ सॉलोमन आले. नवा विल सरळ, सज्जन, पित्याच्या प्रेमाला पारखा झालेला आहे. या सज्जनपणात दोष नाही. पण उशिरा लिहिलेल्या कथेला इतर सहप्रवाशांइतका विस्तार मिळाला नाही आणि खेळाडूंचा तोच समूह आता विल फिका असल्याची तक्रार करू लागला. वाचकाला पात्र आवडत नाही याचा अर्थ पात्र फसले आहे असा होत नाही, हे कादंबरीकाराला ठाऊक असते. आकडेवारी समोर ठेवून लिहिणाऱ्याला ते लक्षात ठेवणे अवघड जात असावे.

उलट उदाहरण कार्लाकचे. पूर्वावृत्तीत ती केवळ वाटेत भेटणारी व्यक्ती होती, सोबत येत नसे. प्रकाशित खेळात ती पूर्ण सहप्रवासी झाली आणि सर्वाधिक जीव लावणाऱ्या पात्रांपैकी एक ठरली. तिचा शेवट अपुरा वाटल्याने प्रकाशनानंतर महिन्याभरात त्यात भर घालण्यात आली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये उपसंहार जोडला गेला, २०२४ मध्ये दुष्ट मार्गाच्या शेवटांचा विस्तार झाला आणि एप्रिल २०२५ पर्यंत दुरुस्त्या चालू राहिल्या. एकनाथांनी घातली तशी रेघ येथे कोणती, हे सांगणे कठीण आहे.

लुप्त पाठ

वरील विवेचनाला एक मर्यादा आहे आणि ती मुळातच या माध्यमाची आहे. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीचा वेगळा पाठ छापला तेव्हा प्रचलित पाठ नाहीसा झाला नाही. दोन्ही समोर ठेवून वाद घालता आला. 'बाल्डर्स गेट ३'ची पूर्वावृत्ती प्रकाशनाच्या दिवशी नव्या आवृत्तीखाली गाडली गेली. त्या काळात साठवलेला खेळ नव्या आवृत्तीत चालत नव्हता. हा खेळ अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये गुगलच्या 'स्टेडिया' या सेवेवरही होता. ती सेवाच जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. आज डेझीचा अभ्यास करायचा तर खेळाडूंनी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवलेले तुकडे पाहावे लागतात. चित्रफीत पाहताना निवड दुसऱ्याची असते. ज्या प्रसंगाचा सारा अर्थ 'हा चेहरा मी घडवला' यात आहे, तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहून समजत नाही. दीडशे गिगाबाइट जागा मागणारा हा खेळ ज्यांच्या यंत्रावर चालूच शकत नाही, त्या ग्रामीण विद्यार्थ्याची स्थिती तर नेहमीच अशी असते.

हा प्रश्न गेंटपुरता मर्यादित नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' या खेळाचा नमुना २०१७ मध्ये लोकवर्गणीच्या आवाहनासोबत लोकांपुढे ठेवला, वर्गणीचे उद्दिष्ट गाठले गेले नाही, खेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला आणि २०२२ मध्ये हिंदी आवाजांसह त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पाच वर्षांत तीन पाठ. तो भूमिकाप्रधान खेळ नव्हे, पण भारतीय पुराणकथांवर आधारलेल्या या कलाकृतीचा उद्या कोणी पाठाभ्यास करू म्हटले तर त्याला तिन्ही पाठ हवेत. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना द्यावी लागते. १९५६ मध्ये त्या कायद्यात वृत्तपत्रांची आणि नियतकालिकांची भर पडली. व्हिडिओ गेम त्यात येत नाहीत.