गायक-नट, हिंदी बोलपटांतील

बोलपटात भूमिका करून त्या भूमिकेची गाणी स्वतःच्याच आवाजात गाणारे नट व नटी. हिंदी बोलपटाच्या प्रारंभापासून, म्हणजे १९३१ पासून, सुमारे १९५० पर्यंत चित्रपटसंगीतावर त्यांचा मोठा प्रभाव होता. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यावर हा वर्ग क्षीण होत गेला. अपुऱ्या तंत्रामुळे पत्करावी लागलेली सोय, एवढ्याच दृष्टीने या परंपरेकडे पुष्कळदा पाहिले जाते. उलट जुन्या गीतांचे चाहते तिला सुवर्णयुग मानतात. ही दोन्ही मते अपुरी आहेत. गाणे ही पात्राची कृती असू शकते, ही जाणीव गायक-नटांनी बोलपटाला दिली, हे त्यांचे खरे कार्य होय. प्रभात फिल्म कंपनीच्या हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत निघालेल्या चित्रपटांत त्याचा स्पष्ट पडताळा येतो.

अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. मास्टर विठ्ठल व झुबेदा यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. त्यात सात गाणी होती. त्यांपैकी एक वझीर महंमद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायिले. पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त गाण्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. पारशी व मराठी संगीत रंगभूमीवर वाढलेल्या प्रेक्षकाला गाण्यावाचून नाटक ठाऊक नव्हते व बोलपटाने त्याची तीच अपेक्षा पुरी केली. ध्वनिमुद्रण चित्रीकरणाबरोबरच होत असे. वादकांना दृश्याच्या चौकटीबाहेर दडवावे लागे आणि नटाला मायक्रोफोनपासून फार दूर जाता येत नसे. त्यामुळे गाणे सुरू होताच कथा थांबे व नट जागच्या जागी खिळून राही.

प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापूर येथे स्थापन झाली व १९३३ मध्ये पुण्यास आली. तिच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या मराठी व हिंदी बोलपटात गोविंदराव टेंबे यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली व संगीतही दिले. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चाली बांधणारा संगीतकारच येथे पडद्यावर नायक म्हणून उभा राहिला. रंगभूमीचा वारसा मात्र जसाच्या तसा उपयोगी पडणारा नव्हता. नाट्यगृहात ‘वन्स मोअर’च्या आग्रहाखातर पद कितीही फुलविता येई, पडद्यावर तो विस्तार जाचक ठरे. बालगंधर्वांनी ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. रंगभूमीवर अलोट लोकप्रियता लाभलेल्या या गायक-नटाचे प्रभात कंपनीशी झालेले सहकार्य त्या एका चित्रपटाबरोबरच संपले. श्रेष्ठ गळा आणि पडद्यावरील गायन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून दिसते.

हा भेद शांता आपटे (१९१६–६४) यांनी नेमका ओळखला. ‘अमृतमंथन’ (१९३४) या केशवराव भोळे यांचे संगीत असलेल्या चित्रपटाने त्यांना हिंदी प्रेक्षकांत कीर्ती मिळवून दिली. स्थिर उभे राहून गाण्याची रीत सोडून नजर, हात व मुद्रा यांच्या सहज हालचालींसह त्या गात. या शैलीचा परिपाक ‘कुंकू’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ (१९३७) यांत आढळतो. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा तो विवाह मान्य करण्यास नकार देते. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वर्ज्य केले. घरातील व भोवतालचे आवाजच वापरले. अशा निःसंगीत पार्श्वभूमीवर नीरा गाते तेव्हा ते गाणे शोभेचे राहत नाही. तिच्या नकाराचाच तो एक भाग होतो. लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही ती गाते. बोलणारी, भांडणारी व गाणारी नीरा एकाच आवाजाची असल्यामुळे तिचा संताप आणि तिचा सूर वेगळे काढता येत नाहीत.

आवाज व व्यक्ती यांच्या या अभेदामुळे नटीचे महत्त्व वाढले, तसेच तिच्या श्रमाचा प्रश्नही पुढे आला. १९३९ मध्ये करारविषयक वादातून शांता आपटे यांनी प्रभातच्या दारात उपोषण केले. नंतर ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) या पुस्तकात या व्यवसायाचे अंतरंग मांडले. त्याच वर्षी, १९३९ मध्ये, निघालेल्या ‘माणूस’ व ‘आदमी’ या चित्रपटांत शांता हुबळीकर यांनी वेश्येच्या भूमिकेत अनेक भारतीय भाषांतील कडव्यांचे गीत गायिले. निरनिराळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांना रिझविणे हा त्या पात्राच्या धंद्याचाच भाग असल्याने मास्टर कृष्णराव यांची ही रचना कथेत स्वाभाविक वाटते.

इतर केंद्रांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्या’त (१९३६) अशोककुमार व देविका राणी यांच्या मर्यादित गळ्यांना झेपतील अशा साध्या चाली सरस्वतीदेवी यांनी बांधल्या, सर्वांना गुणगुणता येतील अशी गीते त्यातून जन्मली. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये कुंदनलाल सैगल (१९०४–४७) यांनी मायक्रोफोनला साजेसे, जवळ बसून बोलल्यासारखे गायन रूढ केले. याच संस्थेच्या ‘धूप छाँव’ (१९३५) या चित्रपटापासून हिंदीत पार्श्वगायन सुरू झाले. तरीही ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये (१९३८) सैगल यांनी एक ठुमरी चालता चालता, प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच गायिली. पर्याय हाताशी असतानाही केलेली ही निवड पाहता गायक-नटांची पद्धत केवळ नाइलाजाची होती, हे मत टिकत नाही.

‘अनमोल घडी’त (१९४६) सुरेंद्र, नूरजहाँ व सुरैय्या या तिघांनीही आपापली गाणी गायिली. पुढील वर्षी सैगल यांचे निधन झाले व फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. गाणारी व दिसणारी व्यक्ती एकच, हा जुना संकेत येथे कागदावर उरला; प्रत्यक्षात तो मोडला होता. नाटकमंडळीच्या घराण्यात जन्मून ‘पहिली मंगळागौर’ (१९४२) या चित्रपटात छोटी भूमिका केलेल्या लताबाईंच्या हातून हे स्थित्यंतर पूर्ण झाले.

पार्श्वगायनाने आवाजाची पात्रता वाढविली, संगीतकाराला मोकळीक दिली व ज्याला गाता येत नाही अशा उत्तम नटालाही वाट करून दिली. हे लाभ निर्विवाद आहेत. परंतु गाणे चित्रपटापासून सहज सुटू लागले आणि पात्राने ते का गावे, या प्रश्नाचे उत्तर देण्याची निकड कमी झाली. गायक-नटांचे मूल्यमापन केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून करणे म्हणूनच अन्यायाचे होय. त्यांच्या कलेचा अर्धा भाग पडद्यावर असतो. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज ज्ञात नाही. त्यामुळे जे चित्रपट उरले आहेत, ते पाहता पाहता ऐकणे हाच या कलेच्या आकलनाचा योग्य मार्ग ठरतो.