कॅट्सकिलचा आकडा उद्धृत करण्याआधी

पर्यावरण, पाणी किंवा अर्थशास्त्रात पीएचडी करायचं डोक्यात असेल, तर एक गोष्ट तुमच्या वाचनात येणारच. न्यूयॉर्क शहराने फिल्टरेशन प्लांटवर ६ ते ८ अब्ज डॉलर घालण्याऐवजी १ ते दीड अब्जात कॅट्सकिल डोंगरातलं पाणलोट क्षेत्र राखलं, आणि पाणी गाळायचं काम जंगलाने केलं. मीही सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य टाकलं होतं. सादरीकरणात एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "यातले जमिनीवर किती गेले?" मला सांगता आलं नाही. मूळ निबंध मी वाचलाच नव्हता, दुसऱ्या कुणाच्या लेखातून आकडा उचलला होता.

तो निबंध ग्रासिएला चिचिल्निस्की आणि जेफ्री हील यांचा, 'नेचर', फेब्रुवारी १९९८. जेमतेम दोन पानं. त्याचं श्रेय आधी देऊ. डोंगरउतारावरची माती आणि झाडं हेही शहराचं भांडवलच आहे, हे त्यांनी कुठल्याही महापालिकेच्या हिशेबनिसाला कळेल अशा भाषेत मांडलं. म्हणूनच तो इतका पसरला.

पण आता तो हातात पेन्सिल घेऊन वाचा. पहिली गोष्ट, बचतीचा आकडा हा अंदाज आहे. शहर, राज्य, केंद्र सरकार आणि डोंगरातली गावं यांच्यातला करार झाला १९९७ मध्ये, निबंध आला वर्षभरात. लेखकांनी अपेक्षा म्हणून लिहिलेलं आपण निष्कर्ष म्हणून उद्धृत करतो. हा दोष त्यांचा नाही, आपला आहे.

दुसरा दोष मात्र त्यांचा. पाणलोट बिघडलं आणि शहराचं पाणी सरकारी मानकांत बसेनासं झालं, असं ते सांगतात. मार्क सॅगॉफ यांनी २००२ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. पाणी नापास झालं नव्हतं, नियम बदलला होता. १९८९ च्या केंद्रीय नियमानुसार नदी-तलावाचं पाणी पुरवणाऱ्या प्रत्येकाला ते गाळणं बंधनकारक झालं. पाणलोटावर पुरेसं नियंत्रण दाखवलं तरच सूट. म्हणजे वाचलेला खर्च हा कायद्याने मागितलेल्या प्लांटचा होता. त्याला थेट जंगलाची किंमत म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न परीक्षकांचा. करारात कॅट्सकिल-डेलावेअर भागातल्या जमीनखरेदीसाठी ठेवलेली मूळ रक्कम २५ कोटी डॉलर, म्हणजे पाव अब्ज. एकूण खर्चाचा साधारण चौथा ते सहावा हिस्सा. बाकीचा पैसा कुठे गेला? सांडपाण्याचे प्लांट सुधारायला, घरांच्या सेप्टिक टाक्या दुरुस्त करायला, गोठ्यातलं शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून, गावांच्या अर्थकारणाला हातभार लावायला. "निसर्ग विरुद्ध सिमेंट" अशी ही गोष्ट नाहीच. यात सिमेंटही भरपूर आहे.

मग जमीन राखणं बिनकामाचं का? नाही. त्याच शहराचं क्रोटन खोरं बघा. ते शहराच्या जवळ, तिथे वस्ती कितीतरी जास्त. तिथल्या पाण्यासाठी शेवटी ३ अब्ज डॉलरहून जास्त खर्चाचा फिल्टरेशन प्लांट बांधावा लागला. तो २०१५ मध्ये सुरू झाला. क्रोटनमधून शहराला साधारण दहावा हिस्सा पाणी मिळतं. जमीन हातची गेली की काय होतं, हे मला त्या प्रसिद्ध आकड्यापेक्षा या तुलनेतून जास्त पटतं.

निबंधात सगळ्यात कमी जागा मिळालीये ती डोंगरातल्या माणसांना. १९०७ ते १९१५ दरम्यान अशोकान जलाशयासाठी सुमारे २,००० माणसं उठवली गेली, कबरीसुद्धा हलवल्या. नव्वद वर्षांनी तेच शहर जमीन मागायला आलं, तेव्हा गावांनी सक्तीचं संपादन नको, ही अट घातली. विकायची इच्छा असेल त्याच्याकडूनच, बाजारभावाने घ्यायचं. किंवा जमीन मालकाकडे ठेवून फक्त बांधकामाचे हक्क विकत घ्यायचे. घेतलेल्या जमिनीवर शहराने स्थानिक कर भरायचा. तरीही गावाच्या वाढीला जागा उरेल का, ही कुरकुर चालूच राहिली. हा करार टिकला तो या वाटाघाटींमुळे, आणि बचतीच्या कोष्टकात त्यांना रकानाच नाही.

विहार आणि तुळशी तलावांचं पाणलोट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्या तुम्ही त्यावर प्रबंध लिहाल, तेव्हा "न्यूयॉर्कने हे सिद्ध केलंय" असं लिहायचा मोह होईल. लिहिण्याआधी ती दोन पानं वाचा. कशाशी तुलना केलीय, पैशाने नेमकं काय घेतलं, आणि कुणाला काय सोडावं लागलं, एवढं समासात लिहून ठेवा. मी ते केलं असतं, तर त्या दिवशी गप्प उभं राहावं लागलं नसतं.