दिवाळी अंक : वाचन, भेट आणि संहिता

मराठी कथेच्या अभ्यासात कथासंग्रह हीच मूळ संहिता मानण्याची प्रथा रूढ झाली आहे. प्रबंधाच्या आधारग्रंथांत संग्रहाची आवृत्ती व वर्ष येते. ती कथा ज्या दिवाळी अंकात प्रथम वाचली गेली त्याचा निर्देश झालाच तर तळटीपेत होतो. ही प्रथा सोयीची आहे, शास्त्रीय मात्र नाही. सुटीच्या दिवसांत घरात येणारा, हातोहात फिरणारा अंक आणि एकट्याने वाचावयाचा संग्रह या दोन भिन्न वस्तू आहेत. आणि त्यांतील मजकूरही नेहमी अक्षरशः एकच असतो असे नाही.

दिवाळी अंकाची परंपरा सामान्यतः काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’च्या १९०९ मधील अंकापासून मोजली जाते. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा आदर्श त्यामागे होता, असेही सांगितले जाते. हे खरे धरले तरी त्या आदर्शातून काय घेतले आणि काय घेतले नाही, याचा विचार कोणी फारसा केलेला दिसत नाही. इंग्लंडात नाताळच्या वाचनामागे भेटवस्तूचा व्यापार उभा होता. रुडॉल्फ आकरमन यांनी १८२२ च्या अखेरीस लंडनमध्ये ‘फर्गेट मी नॉट’ हे वार्षिक काढले, ते भेट देण्यासाठीच. अशा वार्षिकांत दात्याचे व स्वीकारणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी नक्षीदार पान राखलेले असे. ते पुस्तक एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला द्यावयाचे होते. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली ती याच ऋतूच्या बाजारात. ती कुटुंबात मोठ्याने वाचली जाई हे मान्य केले तरी खरेदीचे निमित्त पुष्कळदा भेटीचेच असे.

दिवाळी अंकाने हंगाम घेतला, नावाचे पान घेतले नाही. हा फरक किरकोळ वाटेल, परंतु भाषेत त्याची खूण स्पष्ट आहे. मराठीत ‘भेट’ या नामाचे गाठ पडणे व देणगी असे दोन अर्थ आहेत. ‘त्याने ग्रंथालयाला भेट दिली’ या वाक्यात क्रियापद ‘भेट’ या नामाशी जुळते. ‘त्याने ग्रंथालयाला ग्रंथ भेट दिला’ या वाक्यात ते ‘ग्रंथ’ या नामाशी जुळते आणि ‘भेट’ हा शब्द केवळ पूरक होऊन मागे सरतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहिणारा मराठी माणूस दिवाळी अंकावर मात्र क्वचितच काही लिहितो. अंक ‘आणला’ जातो, ‘फिरवला’ जातो, ‘वाचून झाला की द्या’ असे बजावून शेजारी पाठवला जातो. अलीकडे निवडक अंकांचा संच भेट देण्याची चाल शहरांत दिसते. पण तो संचही एका व्यक्तीला नव्हे तर एका घराला दिलेला असतो. येथे देणे आहे, पण दिलेली वस्तू एकाची होत नाही.

अंकाची रचना या देण्याला अनुसरूनच झाली आहे. एकाच वेष्टनात कथा, कविता, वैचारिक लेख, व्यंगचित्रे, पाककृती आणि राशिभविष्य यांची जी खिचडी असते तिला समीक्षकांनी नाके मुरडली. वास्तविक ती एका घरातील निरनिराळ्या वाचकांची यादीच आहे. आजोबा भविष्यापासून आरंभ करणार, सून कथेपासून, शाळकरी मुलगा चित्रांपासून. आणि फराळाच्या ताटाशेजारी पडलेला तो अंक दुपारी कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा नाही. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना आणि कार्यालयांतून वर्गणी काढून घेतलेले अंक ही याच व्यवहाराची विस्तारित रूपे होत. कथाकाराने लेखन केले ते या गर्दीसाठी. ‘आत्ममग्न वाचक’ गृहीत धरून साठीच्या दशकातील कथेची मीमांसा करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते.

संहितेचा प्रश्न याहून गंभीर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण उच्चारात न उरलेले अनुस्वार त्यामुळे गेले. १९५५ च्या अंकात ‘घरांत’ हे रूप एकवचनी की अनेकवचनी हे संदर्भावरून ठरे. आजच्या पुनर्मुद्रणात ‘घरात’ व ‘घरांत’ हा निवाडा मुद्रितशोधकाने केलेला असतो. उलट ‘तें आलें’ व ‘ते आले’ हा नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांतील भेद प्रमाण लेखनात पुसला गेला. ‘आलें’ या जुन्या रूपाचे ‘आले’ करावयाचे की ‘आलं’, हा निर्णय संपादकाच्या हाती येतो आणि संवादाची सारी पातळी त्यावर ठरते. घरात मोठ्याने वाचणाऱ्याला तो शीर्षबिंदू आपल्या घरच्या उच्चाराची मोकळीक देई. सुधारलेल्या संहितेने ती मोकळीक काढून घेतली. संग्रहाच्या नव्या आवृत्तीवरून लेखकाची ‘बोलीनिष्ठ शैली’ सिद्ध करणारे प्रबंध कित्येकदा लेखकाची नव्हे, संपादकाची शैली तपासत असतात.

मूळ अंक पाहावेत तर ते कसे सापडतात, हीही तक्रारीचीच बाब आहे. बांधणी करताना अनेक ग्रंथालयांत मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकल्या जातात. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ची (१९४५ पासून) मुखपृष्ठे ज्या खंडांत नाहीत त्यांना ‘दीपावली’चे खंड म्हणणे धाडसाचे आहे. जाहिरातींवाचून तर अंकाची किंमत घराच्या आवाक्यात कशी राहिली हेच कळत नाही. ‘आवाज’ (१९५१ पासून) मधील खिडकीचित्रांची गत आणखी वाईट. पानाला पाडलेल्या खिडकीतून दिसणारा चावट अर्थ पान उलटताच निरागस ठरतो. सपाट छायाप्रतीत खिडकीच उरत नाही, मग थट्टा कोठून उरणार?

संग्रहासाठी प्रत निवडताना साधारणतः स्वच्छ, न हाताळलेली प्रत पसंत केली जाते. कार्यालयातून फिरलेल्या अंकावर कित्येकदा वाचणाऱ्यांच्या नावांची चिठ्ठी डकवलेली असते, पुढे खुणा असतात, एखाद्या कथेच्या समासात पेन्सिलीने ‘वाचा’ असे लिहिलेले असते. अशी प्रत होळीच्या सुमारास रद्दीत जाते.