फिकट वलय आणि बाबांचा प्रश्न



मागच्या वेळी सेल्युलेज म्हणजे काय ते लिहिलं होतं. आज थोडी तक्रार करणार आहे, आणि आरोपींच्या यादीत मीही आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी कुजलेल्या पाचटातून मी एक बुरशी वेगळी केली. सीएमसी घातलेल्या अगारवर वाढवली, काँगो रेड ओतलं, मिठाच्या पाण्याने धुतलं. लाल प्लेटवर वसाहतीभोवती हे एवढं मोठं फिकट वलय! त्याच रात्री घरी फोन लावला, "पाचटापासून इंधन करणारी बुरशी सापडली." बाबांनी विचारलं, "मग औंदा पाचट पेटवू का ठेवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि गंमत बघा, असल्या वलयाचा फोटो छापणाऱ्या कित्येक शोधनिबंधांकडेही ते नसतं. तरी शेवटचं वाक्य ठरलेलं: 'या बुरशीचा जैवइंधननिर्मितीत उपयोग होऊ शकतो.' माझा आक्षेप या वाक्यावर आहे.

सीएमसी म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. आइस्क्रीम दाट करायला घालतात तेच. सेल्युलोजच्या साखळीला रासायनिक गट जोडून ते पाण्यात विरघळणारं केलेलं असतं, म्हणजे साखळ्या आधीच सुट्या झालेल्या. पाचटात याच साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, आणि भोवती हेमिसेल्युलोज व लिग्निनचा गिलावा असतो.

हे तोडायला टोळी लागते. एंडोग्लुकानेज साखळी मधेच कापतं. सेल्लोबायोहायड्रोलेज टोकापासून सरकत ग्लुकोजच्या जोड्या सोडवतं. बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्या फोडतं. ते कमी पडलं तर जोड्या साचतात आणि आधीच्यांचं काम मंदावतं. सीएमसीवरचं वलय मुख्यतः पहिल्या गड्याचं असतं. दुसऱ्याला तिथे जोडलेल्या गटांमुळे नीट सरकताच येत नाही. म्हणजे वलय बघून टोळीबद्दल फारसं काही सांगता येत नाही.

"मग मोजायचं कसं?" त्याची प्रमाण पद्धत 1987 सालीच छापून आली आहे, आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष यांची. व्हॉटमन नं. 1 कागदाची 1 × 6 सेंमीची, 50 मिलिग्रॅमची पट्टी, पीएच 4.8, 50 अंश सेल्सिअस, एक तास. त्यात 2 मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल इतकं विरळ केलेलं एन्झाइम शोधायचं आणि त्यावरून एकक काढायचं.

इथेही लोक घोळ घालतात. एन्झाइम इतकं अशक्त असतं की 2 मिलिग्रॅम सुटतच नाही. मग जेवढं सुटलं त्यावरून सरळ त्रैराशिक मांडतात. पण एन्झाइम दुप्पट केलं म्हणून साखर दुप्पट होत नाही, कारण पट्टीतला सोपा भाग आधी संपतो. असा आकडा छापला की तो दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही.

शिवाय 50 पैकी 2 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम 4 टक्के. तेही लिग्निन नसलेल्या स्वच्छ कागदातून. कारखान्याला पाचटातली बहुतेक साखर हवी असते, तीही कमीत कमी एन्झाइममध्ये.

लोक असं का करतात, हेही समजतं. सीएमसी स्वस्त, काँगो रेड स्वस्त, डीएनएसने साखर मोजायची सोय जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत. शेकडो नमुने चाळायला वलय उत्तमच आहे. चाळणीला निकाल समजलं की बिघडतं. आणि नुसतं एंडोग्लुकानेज काही टाकाऊ नाही हो! जीन्सला जुनकट रंग आणायला, डिटर्जंटमध्ये सुती कपड्यांवरचे गोळे काढायला ते वापरतातच. मोठं वलय मिळालं तर तो दावा करा ना. तो खरा तरी ठरेल.

माझ्या बुरशीचं काय झालं? नुसतं दळलेलं पाचट दिलं, 72 तास वाट बघितली. साखर सुटली ती ब्लँकच्या जरा वर. अल्कलीची प्रक्रिया केल्यावर थोडी वाढली. बस्स. सिनॉप्सिसमधलं इंधनाचं वाक्य मी खोडलं. गाइडनी भुवया उंचावल्या, पण खोडू दिलं.

तेव्हा यापुढे 'कचऱ्यापासून इंधन करणारी बुरशी' अशी बातमी वाचलीत तर तीन गोष्टी शोधा. एन्झाइम खऱ्या पाल्यावर तपासलं का? त्यातल्या सेल्युलोजपैकी किती टक्क्यांची साखर झाली? आणि त्यासाठी एन्झाइम किती ओतलं? तिन्ही नसतील तर ती वलयाची बातमी आहे.

बाबांना परत फोन केला. म्हटलं, "पेटवू नका, खोडव्यात सरीला ठेवा, ओल टिकेल, कुजून मातीत जाईल." ते म्हणाले, "ते मला ठाऊक हाय. तुझ्या बुरशीचं सांग."

सांगितलं सगळं.