एका गळ्यातलं वऱ्हाड

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ज्यांनी आधी कॅसेटवर ऐकलं आणि नंतर रंगमंचावर पाहिलं, त्यांना डॉ. लक्ष्मण देशपांडे यांच्या कलेचं मर्म चटकन कळतं. प्रयोगात हाताशी निदान एक उपरणं असायचं, कॅसेटवर तेही नाही. तरी लग्नासाठी मराठवाड्यातून विमानाने लंडनला निघालेल्या त्या गोतावळ्यातलं कोण बोलतंय, हे ऐकताक्षणी कळतं. 52 पात्रं, एकच नट. गिनीज बुकाने आकड्याची दखल घेतली. मला त्याहून मोलाची वाटते ती दोन पात्रांमधली अर्ध्या श्वासाची जागा. तेवढ्यात आधीचा माणूस गळ्यातून पुरता उतरवावा लागतो. म्हातारा उभा करायचा तर आवाज कापरा करून भागत नाही, वाक्य संपता संपता त्याचा दमही संपावा लागतो.

पु. ल. देशपांडे यांनी 1961 मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली, ती मुंबईची. लक्ष्मणरावांनी मराठवाडी बोली पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत मानाने नेऊन बसवली. 2009 मध्ये ते गेले. आता संदीप पाठक हे नाटक समर्थपणे करतात. पण एकूण एकपात्रीकडे पाहिलं की जीव तुटतो. बहुतेक ठिकाणी नकलांची माळ असते: आवाज बदलतो, माणूस तोच राहतो. प्रेक्षक हसतात म्हणून तेवढ्यावरच निभावून नेलं जातं.

याचं मूळ अपुऱ्या तालमीत आहे आणि तालमीला फुरसत लागते. लक्ष्मणराव इथल्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. त्या नोकरीमुळेच हे शहर न सोडता त्यांना एवढं काम करता आलं, असं मला ठाम वाटतं. याच शहरात ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था उभी करणारे चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी मुंबईला गेले. ‘चारचौघी’सारखं नाटक मराठीला मिळालं, पण शहरातली नाटकवाल्यांची फळी विरळ झाली. ती गळती अजून थांबलेली नाही.

नटाला आपल्याच शहरात राहून काम कसं मिळू शकतं, हे जर्मनीत दिसतं: तिथे मध्यम आकाराच्या शहरांतही सरकारी पैशावर चालणारी नाट्यगृहं आहेत. तिथे नट पगारावर असतात. परदेशी चित्रपट सर्रास जर्मन आवाजात येतात आणि रेडिओवर श्रुतिकांची जुनी परंपरा आहे. त्यामुळे एकाच नटाची कारकीर्द रंगमंच, पडदा आणि ध्वनिमुद्रण अशी तिन्हीकडे पसरते आणि त्याचा गळा सतत कामात राहतो.

आपल्याकडे महापालिकेचं संत एकनाथ रंगमंदिर आहे, आकाशवाणीचं केंद्र आहे, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. रंगमंदिर दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं बंद होतं, तेव्हा चर्चा झाली ती खुर्च्यांची आणि वातानुकूलनाची. पाच-सहा नटांना वर्षभराचं मानधन द्यावं, रंगमंदिरात त्यांचे प्रयोग आणि आकाशवाणीवर श्रुतिका व्हाव्यात, अशी मागणी नाट्यसंस्थांनी आता महापालिकेकडे लेखी करावी.