मुक्ती, स्वातंत्र्य आणि उघडे दार : मराठी ख्रिस्ती लेखनातील एका मूल्याची चिकित्सा

मराठीतील ख्रिस्ती लेखनाचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. एक अंग वाङ्मयेतिहासाचे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ला (१८५७) पहिल्या मराठी कादंबरीचा मान द्यावा की नाही, ना. वा. टिळकांचे अर्वाचीन कवितेतील स्थान कोणते, 'स्मृतिचित्रे'चे आत्मचरित्र म्हणून वेगळेपण कशात आहे, असे प्रश्न या अंगाने चर्चिले गेले. दुसरे अंग सामाजिक सुधारणेचे. तेथे विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण, जातिभेद यांच्या संदर्भात हे लेखन साक्ष म्हणून वापरले गेले. या दोन्ही चर्चांमध्ये स्वातंत्र्य हे मूल्य गृहीत धरलेले आढळते. ख्रिस्ती झालेली व्यक्ती रूढींपासून स्वतंत्र झाली, असे तिचे समर्थक मानतात. ती परकीयांच्या अधीन झाली, असे तिचे विरोधक म्हणतात. दोघांचीही दृष्टी धर्मांतराच्या क्षणावर खिळलेली असते. त्या क्षणानंतर काय घडते, मुक्त करणारा आणि मुक्त झालेला यांच्यातील नाते कोणते वळण घेते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. ख्रिस्ती दृष्टीतून स्वातंत्र्याचे मूल्य ठरवावयाचे असेल तर याच प्रश्नापासून आरंभ केला पाहिजे.

या संदर्भात शब्दांचा विचार प्रथम करणे इष्ट ठरेल. 'मुक्ती' हा शब्द मराठीला संतपरंपरेकडून मिळाला. त्याचा रोख जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याकडे आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत पापापासून होणाऱ्या सुटकेसाठी 'तारण' हा शब्द स्थिरावला. 'स्वातंत्र्य' या शब्दाला एकोणिसाव्या शतकात राजकीय अर्थाची धार आली. मराठी ख्रिस्ती लेखक या तीनही शब्दांच्या सीमेवर वावरतात. त्यांच्यासमोर जो मूळ धर्मग्रंथ होता, त्यातील पौलाचे गलतीकरांस लिहिलेले पत्र या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ख्रिस्ताने आपल्याला मोकळे केले आहे, तेव्हा पुन्हा दास्याच्या जुवाखाली मान देऊ नका, असा त्या पत्रातील उपदेशाचा आशय आहे. हा इशारा कोणापासून सावध राहण्यासाठी आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. पौलाचा रोष बाहेरच्या छळणाऱ्यांवर नाही. नव्या विश्वासणाऱ्यांवर जुन्या नियमशास्त्राचे ओझे लादू पाहणाऱ्या, मंडळीतीलच उपदेशकांवर तो आहे. स्वातंत्र्याला असलेला धोका तेथे आतून आलेला आहे. १५२० साली मार्टिन ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेला प्रबंधही याच सूत्रावर उभा आहे. ख्रिस्ती माणूस श्रद्धेने कोणाचाही अंकित नाही आणि प्रेमाने सर्वांचा सेवक आहे, हा त्यातील विरोधाभास प्रसिद्ध आहे. म्हणजे या परंपरेत स्वातंत्र्य हे मिळालेले दान असले तरी ते राखण्याची जबाबदारी ज्याला ते मिळाले त्याच्यावर येते. आणि प्रसंगी दात्याच्या प्रतिनिधींविरुद्धही ते राखावे लागते.

ही जबाबदारी मराठी प्रदेशात पंडिता रमाबाईंइतकी क्वचितच कोणी ओळखली असेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅम येथील विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील आणि इतर धर्माधिकारी यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ही पत्रे इंग्रजीत असली तरी त्यांतील वादपद्धती शास्त्रार्थाच्या संस्कारातून आलेली आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चच्या अधिकाराची मर्यादा यांविषयी रमाबाई प्रत्येक विधानाला प्रमाण मागतात. त्यांनी मुलग्यांना शिकवावे की नाही याविषयी लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी प्रतिकूल मत दिले, तेव्हा स्वतःच्या आचरणाचा निर्णय करण्याचा हक्क त्या सोडत नाहीत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का असू नयेत, असे त्या विचारतात. ब्राह्मण पुरोहितांचे जू महत्प्रयासाने झुगारल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, अशी त्यांची भूमिका आहे. पौलाचेच रूपक त्या त्याच्या अनुयायांना परत करतात, असे म्हणता येईल. लक्षणीय गोष्ट अशी की या पत्रांत जेराल्डिनचा उल्लेख त्या 'आजीबाई' असा करतात. जिव्हाळा आणि असहमती यांना एकाच पत्रात जागा मिळते. गौरी विश्वनाथन यांनी आपल्या १९९८ च्या ग्रंथात धर्मांतराकडे असहमतीची कृती म्हणून पाहिले आहे. रमाबाईंच्या बाबतीत ही असहमती धर्मांतराने संपली नाही, नव्या घरात ती पुढे चालू राहिली, ही गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे.

टिळक दांपत्याच्या चरित्रात हेच मूल्य वेगळ्या रीतीने प्रकट होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली घेतला. या पाच वर्षांचा वृत्तान्त हा 'स्मृतिचित्रे'चा नैतिक कणा आहे. पतीची श्रद्धा ही पत्नीची श्रद्धा होत नाही, हे लक्ष्मीबाई कोणत्याही तात्त्विक परिभाषेशिवाय सिद्ध करतात. जातिभेद माणसाने केलेला आहे, हा विचार त्यांना स्वतःशी झगडताना सुचतो आणि सोवळेओवळे त्या आपल्या हाताने टाकतात. टिळकांनी त्यांना घाईने ओढले असते तर त्यांचे ख्रिस्ती होणे हे पातिव्रत्याचेच एक रूप ठरले असते. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तानुयायांना तीत स्थान होते. परदेशी संस्थेच्या पगारावर चालणारी श्रद्धा आपल्या भूमीत रुजणार नाही, हे त्यांना उमगले होते. अभंग आणि कीर्तन यांचा त्यांनी केलेला स्वीकारही याच भूमिकेशी जोडून पाहिला पाहिजे. केवळ रचनाबंधाची आवड म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही.

येथपर्यंतचे चित्र उजळ आहे. परंतु रमाबाईंच्याच कार्यात त्याची दुसरी बाजू दिसते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. अमेरिकेतील साहाय्यक मंडळींनी धार्मिक तटस्थतेच्या अटीवर त्यास मदत दिली होती. रमाबाई मुलींना प्रार्थनेस बोलावत नसत. मात्र आपल्या खोलीत प्रार्थना चालू असता दार बंदही करीत नसत. ज्या मुली आपणहून येत त्यांना त्या अडवीत नसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेपासून दूर झाले. रमाबाईंची बाजू त्यांच्या स्वातंत्र्यविचाराशी सुसंगत होती. स्वतःच्या विवेकासाठी जे त्यांनी वाँटेज येथे मागितले, ते त्या मुलींना नाकारू शकत नव्हत्या. पण त्या दाराच्या अलीकडे उभ्या असलेल्या मुलीला घर, अन्न आणि विद्या ज्या हातांनी दिली, तेच हात पलीकडे जोडलेले होते. बालविधवेला परत जाण्यासाठी दुसरे दार नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आणलेल्या मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. उघडे दार हे स्वातंत्र्याचे चिन्ह केव्हा ठरते? त्यातून आत येता येते तसेच काही न गमावता बाहेरही जाता येते, तेव्हाच. ही कसोटी रमाबाईंच्या विरोधकांनी लावली नाही. त्यांना मुलींच्या निवडीपेक्षा घराण्याच्या धर्माची चिंता अधिक होती. जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण केली, ती या पार्श्वभूमीवर एकाकी वाटते.

रमाबाई, टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या स्वातंत्र्याची आपल्याला खात्री वाटते, कारण त्यांनी लिहिले. त्यांच्या असहमतीची संहिता उपलब्ध आहे. हा निकष जेथे संहिताच नाही अशा ठिकाणी नेला म्हणजे त्याच्या मर्यादा कळतात. असे ठिकाण शोधण्यास मराठी प्रदेशाबाहेर जावे लागत नाही. सातपुड्याच्या रांगेत, गाविलगड किल्ल्याशेजारी, सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा वऱ्हाडात थंड हवेचे ठिकाण म्हणून परिचित आहे. त्याच्या भोवतालच्या मेळघाटात कोरकूंची वस्ती आहे. त्यांची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे मराठीशी कुळाने असंबद्ध. या भाषेचे व्याकरण मिशनरी जॉन ड्रेक यांनी इंग्रजीत लिहून १९०३ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. हे काम मोलाचे आहे. मराठी भाषकांनी शेजारच्या या भाषेची इतकी दखल त्या काळी घेतली नव्हती. तथापि व्याकरण हे शिकणाऱ्यासाठी असते. कोरकू माणसाला काय सांगावयाचे आहे ते कसे सांगता येईल, याची सोय त्याने झाली. कोरकू माणसाला जे म्हणावयाचे होते ते मात्र त्यात नोंदले गेले नाही. त्याच प्रदेशात कोणी ख्रिस्ती झाला असेल, कोणी नकार दिला असेल, कोणी घेतलेला धर्म सोडून मुठवा देवाकडे परतला असेल. त्यांतील एकाचेही 'स्मृतिचित्रे' मराठी वाङ्मयात नाही.

ही पोकळी पुढे शासनाच्या भाषेने भरली. १९५४ साली मध्य प्रदेश शासनाने नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अमरावती जिल्हा आणि त्यातील मेळघाट तेव्हा त्याच राज्यात होते. १९५६ च्या अहवालात समितीने शाळा, दवाखाने, अनाथालये यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो असा निष्कर्ष काढून कायदेशीर निर्बंध सुचवले. समितीची शंका निराधार म्हणता येत नाही. उघड्या दाराची जी अडचण वर पाहिली तीच येथे मोठ्या प्रमाणावर उभी होती. परंतु अहवालातील आदिवासी आणि मिशन-वृत्तान्तांतील आदिवासी यांच्यात विलक्षण साम्य आहे. दोन्हींकडे तो भोळा, अजाण, रक्षणीय आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर दोन्ही वाक्यांत तो कर्म आहे; एकात 'तारणे' हे क्रियापद आहे, दुसऱ्यात 'वाचवणे'. कर्त्याची जागा त्याला कोणीही दिलेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धर्म स्वीकारणाऱ्यांत स्वतः नियोगी होते, हे येथे आठवावे. न्यायमूर्तींचे धर्मांतर विवेकाचे फळ मानले जाते आणि कोरकूचे आमिषाचे, या भेदामागे शिक्षणाचे व सत्तेचे अंतर आहे. त्याच दिवशी लक्षावधी निर्धन माणसांनीही धर्म बदलला. त्यांच्या निर्णयाला आज कोणी अजाणतेपणा म्हणू धजत नाही, कारण तो निर्णय पुढे त्यांच्या स्वतःच्या साहित्यातून बोलू लागला.

कायद्याने स्वातंत्र्याचे रक्षण कितपत होते, याची मर्यादाही यातून स्पष्ट होते. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सर्वांना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्माचे मुक्तपणे प्रकटीकरण, आचरण व प्रसार करण्याचा हक्क दिला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याच्याच नावाने धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा झाला. वऱ्हाड तोवर त्या राज्यातून बाहेर पडले होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवताना प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. प्रसार करणाऱ्याच्या हक्काची मर्यादा यात सांगितली आहे. ज्याला निवड करावयाची आहे त्याचा आवाज कसा ऐकावा, हे यात येत नाही, आणि कायद्याकडून त्याची अपेक्षाही करता येत नाही. सक्ती आणि फसवणूक रोखणे हे कायद्याचे काम होय. एखाद्याचा विवेक खरा की उसना, हे अधिकाऱ्याने ठरवू लागणे म्हणजे पुन्हा पुरोहिताचीच जागा निर्माण करणे होय.

ख्रिस्ती दृष्टीतून स्वातंत्र्याचे मूल्य मान्य करणाऱ्यावर यातून दुहेरी बंधन येते. शासनाने आपल्या विवेकावर पहारा ठेवू नये, ही मागणी त्याने करावी. आणि तेवढ्याच निष्ठेने आपल्या संस्थेच्या छायेतील दुर्बलाला 'नाही' म्हणण्याची, आणि 'नाही' म्हणूनही भाकरी व पाटी मिळत राहण्याची हमी द्यावी. पहिल्या मागणीला दुसरीवाचून नैतिक बळ येत नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात करून बायबलचे जे मराठी भाषांतर सिद्ध केले, त्यात सामान्य स्त्रीला मध्यस्थाविना वाचता यावे अशी भाषा त्यांनी शोधली. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रकाशित झाले. वाचणारीला स्वतः अर्थ लावता आला तर ती भाषांतरकर्तीशीही असहमत होऊ शकते, हा धोका त्यांनी स्वीकारला होता. वाँटेजच्या पत्रांशी इमान राखणारी त्यांची कृती हीच म्हणावी लागेल. मराठी समीक्षेपुढील कामही याच दिशेचे आहे. धर्मांतराच्या कथांची मोजदाद पुरेशी झाली. मेळघाटासारख्या प्रदेशांतील मौखिक कथने, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव खांबांभोवतीची गाणी आणि ख्रिस्ती कोरकू कुटुंबांतील आठवणी त्या त्या भाषेत नोंदवून, त्यांत होकार कोठे आहे आणि नकार कोठे, हे वाचण्याची पद्धती आता घडवावी लागेल. ती घडेपर्यंत मराठी ख्रिस्ती साहित्यातील स्वातंत्र्यासंबंधीचे प्रत्येक विधान लिहू शकणाऱ्यांपुरतेच खरे मानणे योग्य ठरेल.