पार्किन, पिंक-१ आणि तरुण वयातील कंपवात : एका गृहीतकाची चिकित्सा

तरुण वयात जडणाऱ्या आनुवंशिक कंपवाताच्या संशोधनास १९९८ मध्ये जपानी कुटुंबांच्या अभ्यासातून गवसलेल्या ‘पार्किन’ जनुकाने नवे वळण दिले. २००४ मध्ये ‘पिंक-१’ची भर पडली. दोन्ही ठिकाणी दोष अप्रभावी असून माता व पिता या दोघांकडून सदोष प्रत आल्यासच विकार प्रकटतो. या दोन प्रथिनांची आज घातली जाणारी सांगड सर्वपरिचित आहे : तंतुकणिका बिघडली की पिंक-१ तिच्या बाह्य पटलावर साचते, पार्किनला तेथे ओढून आणते आणि पार्किन युबिक्विटिनची खूण लावून तिची विल्हेवाट घडवते.

ही मांडणी सुबक आहे. वर्गात शिकवण्यास तर फारच सोयीची. परंतु तिचा पुरावा कोठून आला? २००८ मधील गाजलेल्या शोधनिबंधापासून या क्षेत्रातील अनेक प्रयोग हेला पेशींवर झाले. या पेशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. त्यांत नैसर्गिक पार्किन नसल्यामुळे ते बाहेरून घालावे लागते, आणि तंतुकणिका बिघडवण्यासाठी तीव्र रसायन वापरावे लागते. २००६ मध्ये फळमाशीवरील प्रयोगांनी पिंक-१ हे पार्किनच्या आधी कार्य करते असे दाखविले खरे, पण तेथे ठळक हानी झाली ती उड्डाणस्नायूंची व शुक्रजंतूंची. ही प्रथिने केवळ मेंदूची नाहीत, हे येथेच स्पष्ट होते.

उंदरांनी तर अधिकच अडचण केली. जन्मतः पार्किन नसलेल्या उंदरांत डोपामिन निर्माण करणाऱ्या चेतापेशी घटल्या नाहीत, असे २००३ मध्येच दिसून आले. २०११ मध्ये प्रौढ उंदरांच्या मेंदूतून पार्किन वगळल्यावर पेशीनाश आढळला. मात्र त्याचे दिलेले स्पष्टीकरण वेगळे होते. पार्किनअभावी ‘पॅरिस’ नावाचे प्रथिन साचते आणि नव्या तंतुकणिकांच्या निर्मितीस चालना देणारे जनुक दबते. म्हणजे दोष जुन्याच्या विल्हेवाटीत की नव्याच्या निर्मितीत?

प्रस्तुत लेखकास हा प्रश्न गौण वाटत नाही. विल्हेवाट वाढविणारे औषध आणि निर्मिती वाढविणारे औषध या दोन भिन्न दिशा आहेत, आणि रुग्ण बहुधा चाळिशीच्या आतला असतो. शिवाय शरीरभर आढळणाऱ्या प्रथिनाच्या अभावी मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातील पेशीच प्रामुख्याने का मरतात, याचा उलगडा हेला पेशी करू शकणार नाहीत.